गुठळी काय फक्त झुरक्यानं निघते?

दात काढल्यावर सिगारेट ‘सुरक्षितपणे’ कशी ओढावी, हे सांगणारा एक संदेश सध्या मोबाईलवर फिरतो आहे. मला तो दोन पेशंटनी दाखवला. एकानं दात काढण्याआधी, दुसऱ्यानं चौथ्या दिवशी, गाल धरून. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: धुरानं जखमेला काही होत नाही, झुरका घेताना तोंडात जी ओढ बसते तिच्यामुळे रक्ताची गुठळी निघते. म्हणून गॉझ (जखमेवर ठेवलेली कापडी घडी) घट्ट चावून धरा, हलके झुरके घ्या, नाहीतर व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, ओढा. पहिला दिवस न दुखता गेला की धोका संपला. तरी ड्राय सॉकेट (गुठळी जाऊन दाताच्या जागचं हाड उघडं पडणं) झालंच, तर अँटिबायोटिक आहे. आणि शेवटी: ‘मी दोन तासांत ओढली, मला काहीही झालं नाही.’

मी दात काढण्याचंच काम करतो. तलफ माणसाला किती छळते हे रोज बघतो, त्यामुळे हा संदेश पुढे पाठवणाऱ्यांवर माझा राग नाही. पण त्यातलं पहिलंच विधान चुकीचं आहे आणि बाकीचे सगळे सल्ले त्याच्यावरच उभे आहेत.

‘दोष फक्त ओढीचा, धुराचा नाही.’

दात निघाला की हाडात एक खळगा उरतो. त्यात रक्त भरतं, गोठतं आणि गुठळी तयार होते. लोकांना ती बाटलीच्या बुचासारखी वाटते: बसलं की बसलं, उपटलं की गेलं. प्रत्यक्षात ती जिवंत जखमेचा पहिला थर असते. तिच्यातल्या फायब्रिनच्या, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या धाग्यांच्या, जाळीवर पेशी येऊन बसतात, बारीक रक्तवाहिन्या आत शिरतात, आठवडाभरात गुठळीची जागा कोवळं ऊतक घेऊ लागतं. वरून हिरडी मिटायला काही आठवडे लागतात, आतलं हाड भरायला काही महिने.

ही सगळी बांधणी रक्तपुरवठ्यावर चालते आणि सिगारेट नेमका त्यावरच घाव घालते. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, म्हणजे जखमेपर्यंत जे रक्त पोहोचतं त्यातही ऑक्सिजन कमी. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात. धूम्रपान करणाऱ्यांच्या खळग्यात दात काढल्यावर रक्तच कमी भरतं, असंही आढळलेलं आहे. म्हणजे गुठळी उपटली जाण्याचा प्रश्न पुढचा, मुळात ती नीट बसतच नाही.

‘ड्राय सॉकेट’ हे नाव क्रॉफर्ड यांनी १८९६ साली वापरलं. गुठळी कशी नाहीशी होते याचं आज सर्वाधिक मानलं जाणारं स्पष्टीकरण १९७०च्या दशकातलं आहे, डेन्मार्कच्या बर्न यांचं: इजा झालेल्या हाडातून सुटणाऱ्या द्रव्यांमुळे फायब्रिन विरघळतं आणि गुठळी जागच्या जागी विरते. झुरक्याच्या ओढीचा वाटा किती, यावर दंतवैद्यांतही एकमत नाही. मी स्वतः पेशंटला स्ट्रॉ टाळायला सांगतो, कारण त्यात गमवायचं काही नाही. पण सगळा दोष ओढीवर टाकून धुराला निर्दोष ठरवणं हे उलटं गणित आहे.

‘गॉझ चावून ओढा, हलके झुरके घ्या.’

गॉझ दाब देण्यासाठी असतो. धूर फुप्फुसात जातो, तिथून रक्तात आणि रक्तातून थेट त्या खळग्यात. गॉझ या वाटेवर कुठेच येत नाही. शिवाय सिगारेटसाठी तो पुन्हा पुन्हा बदलताना वाळलेला कापूस-धागा गुठळीला चिकटून तिच्यासकट बाहेर येऊ शकतो. हलक्या झुरक्यांनी ओढ कमी होईल, निकोटिन पोहोचायचं ते पोहोचतंच.

‘मग व्हेप चालेल.’

जळणारी तंबाखू नाही, त्यामुळे कार्बन मोनॉक्साइडचा भाग बराच टळतो, हे खरं आहे. पण बहुतेक व्हेपमध्ये निकोटिन असतंच आणि झुरका सिगारेटपेक्षा लांब घेतला जातो. ज्या ओढीला हा संदेश एकमेव गुन्हेगार म्हणतो, तीच ओढ इथे आहे. स्वतःच्या तर्कानंसुद्धा त्यानं व्हेपची शिफारस करायला नको होती.

‘पहिला दिवस निभावला, म्हणजे सुटलात.’

सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथे. पहिल्या दिवशी भुलीचा उरलेला असर असतो, गोळ्या चालू असतात. ड्राय सॉकेटची कळ साधारण पहिल्या ते तिसऱ्या दिवसाच्या दरम्यान सुरू होते. साधी जखम रोज थोडी कमी दुखते. ही मात्र कमी होता होता एकदम उसळते. कळ कानात, कानशिलात, त्या बाजूच्या अख्ख्या जबड्यात जाते. तोंडाला घाण वास येतो, विचित्र चव येते. आरशात पाहिलं तर काळसर-लाल गुठळीऐवजी रिकामा खळगा आणि तळाशी उघडं, फिकट हाड दिसतं. गार हवेची झुळूक आत गेली तरी माणूस कळवळतो. नुसत्या गोळ्यांनी अनेकदा भागत नाही आणि हे आठवडा-दहा दिवस चालू शकतं. गाल धरून आलेला तो पेशंट दोन रात्री झोपला नव्हता. पहिला दिवस त्याचाही छान गेला होता.

‘झालंच तर अँटिबायोटिक घेऊ.’

ड्राय सॉकेट हा मुळात जंतुसंसर्ग नाही. गुठळी गेल्यानं हाड उघडं पडलेलं असतं, आणि अँटिबायोटिकची गोळी गुठळी परत आणत नाही. उपचार म्हणजे खळगा सलाइननं हलक्या हातानं धुणं, लवंगेतलं युजेनॉल असलेली औषधी पट्टी आत ठेवणं, वेदनाशामक देणं, गरज पडली तर पट्टी पुन्हा बदलणं. ताप, वाढती सूज किंवा पू असेल तर ती गोष्ट वेगळी, तेव्हा लगेच दाखवायला हवं.

‘मला काही झालं नाही.’

खरंच झालं नसेल. साधा दात काढल्यावर ड्राय सॉकेट साधारण १ ते ५ टक्के लोकांना होतं. खालच्या अक्कलदाढेला हे प्रमाण ३० टक्क्यांपर्यंतही गेलेलं दिसतं. धूम्रपान करणाऱ्यांत धोका सुमारे तिप्पट धरला जातो. तिप्पट होऊनही बहुतेक जण सुटतात, म्हणून अशा ग्वाही देणाऱ्यांची कधी कमतरता पडत नाही. पण तुमची दाढ किती खोल आहे, हाड किती कापावं लागलं, पूर्वी हे झालं होतं का, गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का, यावरही धोका बदलतो. यातलं काहीच त्या संदेश लिहिणाऱ्याला ठाऊक नाही.

माझं सांगणं असं: किमान ७२ तास एकही नाही, आठवडा निघाला तर फारच चांगलं. दात काढायच्या दिवशी सकाळचीही नको, कारण रक्तातलं निकोटिन निम्मं व्हायलाच सुमारे दोन तास लागतात. तलफ आवरणार नाही असं वाटत असेल तर आधीच सांगा. निकोटिनचा पॅच, म्हणजे कातडीवर चिकटवायची पट्टी, तुम्हाला चालेल का, ते बघता येतं. त्यात निकोटिन असतं, पण धूर नाही आणि ओढही नाही. निकोटिनचं च्युइंगम मात्र ताज्या जखमेच्या तोंडात नको.

आणि ओढून झाली असेल, तर घाबरून जोरात चुळा भरू नका. पहिले २४ तास चूळच नको, त्यानंतर कोमट मिठाचं पाणी तोंडात घोळवून नुसतं सोडून द्या. दुखणं वाढायला लागलं तर त्याच दिवशी या, आणि किती ओढल्या ते खरं सांगा. मी ओरडणार नाही. मला फक्त तो खळगा वेळेत बघायचा असतो.