अरुणाचल बाधू नये म्हणून

तवांगचं बुकिंग झालं? अभिनंदन. सोसायटीत चार घरांचं काश्मीर आणि दोघांचं लडाख झालेलं असताना तुम्ही हुकमाचं पान काढलंत. पण जपून. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या अरुणाचलाची लोकसंख्या १३ लाख ८३ हजार, म्हणजे पिंपरी-चिंचवडपेक्षाही कमी. तेवढ्याच माणसांत २६ मुख्य जमाती आणि शंभरावर उपजमाती. भाषा वेगळ्या, सण वेगळे, देव वेगळे. अशा हवेत माणसाला कुतूहलाची बाधा पटकन होते. गेलात तसेच परत यायचं असेल तर काही पथ्यं पाळा.

सुरुवात परमिटपासून. ‘आपल्याच देशात फिरायला परवाना?’ हे वाक्य गुवाहाटी विमानतळावर मोठ्या आवाजात म्हणायचं. इनर लाइन परमिट १८७३ च्या इंग्रजी नियमातून आलं, तेव्हा हेतू व्यापार सांभाळण्याचा होता आणि आज इथल्या लोकांना तेच आपल्या जमिनीची ढाल वाटतं, असल्या तपशिलात शिरू नका. दापोलीला परक्यांनी जमिनी घेतल्या म्हणून तुम्ही हळहळता, तो विषय निराळा.

खाण्याची काळजी नको, टूरबरोबर महाराज असतात. दिरांगच्या थंडीत वरणभात, मटकीची उसळ आणि रविवारी श्रीखंड मिळण्याची सोय आपण मराठी माणसांनी केलेली आहे. थुक्पा, याकच्या दुधाची छुर्पी, इथल्या मोन्पा जमातीचं नाचणीसारख्या पिठाचं झान यांच्याकडे लांबूनच बघा. लोणी-मीठ घातलेला चहा कुणी प्रेमाने पुढे केला तर नाक मुरडा. तसलीच लोणी घातलेली कॉफी पुण्यात प्यायची, वजन उतरवायला.

भालुकपाँग, म्हणजे राज्याच्या वेशीवरचा परमिटचा नाका, ते तवांग या रस्त्यावर झोपा. हे पथ्य सर्वांत महत्त्वाचं. याच पट्ट्यात अका, मिजी, बुगुन, शेरदुकपेन आणि मोन्पा अशा पाच निराळ्या जमाती राहतात. दिरांगच्या मोन्पाची बोली तवांगच्या मोन्पाला सहज कळत नाही. पण मागच्या सीटवर अंताक्षरी रंगली असेल तर हे काही कानावर येत नाही. इथल्याच ईगलनेस्टच्या जंगलात रमणा आत्रेय या खगोलशास्त्रज्ञाला नवा पक्षी सापडला आणि २००६ साली त्याला बुगुन जमातीचं नाव दिलं गेलं. पक्षी इतके थोडे की नमुन्यासाठी एकही मारला नाही, पिसांवर काम भागवलं. आकाशातले तारे सोडून माणूस इथे झुडपांत बघत बसला. बाधा म्हणतात ती हीच.

वाटेतली सेला खिंड १३,७०० फुटांवर. २०२४ मध्ये बोगदा झाल्याने माथा टाळून जाता येतं, पण तुम्ही वरूनच जा, गाडीतून धावत उतरा, बर्फाचे गोळे मारा आणि मग डोकं धरून बसा. दोष ड्रायव्हरला द्या.

तवांगचा मठ १६८०-८१ सालचा. म्हणजे रायगडावर शिवाजी महाराजांचं निधन झालं त्याच सुमाराला इथे डोंगरावर भिंती उभ्या राहत होत्या. सहावे दलाई लामा १६८३ साली जवळच उर्गेलिंगला जन्मले, पुढे प्रेमकविता लिहू लागले. हे गाइड सांगत असताना चिप्सचं पाकीट फोडा. प्रार्थनाचक्र उलट्या दिशेने फिरवा, आणि समोर पोरसवदा भिक्षू दिसला की ‘ए चायनीज, फोटो?’ म्हणा. १९६२ साली याच लोकांच्या गावांवरून युद्ध गेलं, तेव्हा चिनी कोण हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. तुमच्यामुळे उजळणी होते.

मात्र एका ठिकाणी मन मोकळं सोडा: माधुरी लेक. तळ्याचं मूळ नाव सांगेत्सर. आपल्या माधुरीचं तिथे एकदा चित्रीकरण झालं आणि नाव पडलं. तीन हजार किलोमीटर येऊन अखेर ओळखीचं कुणीतरी भेटलं. पाण्यात सुकलेल्या झाडांचे बुंधे उभे आहेत, ते फोटोत कापता येतात.

झिरो खोऱ्यात जाणार असाल तर तिथल्या अपातानी जमातीच्या आज्या शोधा. नाकपुड्यांत लाकडी चकत्या आणि चेहऱ्यावर गोंदण असलेली ही शेवटची पिढी. ही प्रथा १९७० च्या दशकात थांबली. न विचारता लेन्स नाकाजवळ न्या. या बायका नांगर-बैलाशिवाय भातशेती करतात, त्याच पाण्यात मासे वाढवतात, बांधावर नाचणी लावतात. त्यांना शेतीबद्दल काही विचारलंत तर तासभर मोडेल, तेव्हा नकोच.

इतकं पाळलंत तर धोका फक्त परतीच्या गाडीत. ड्रायव्हर मोन्पा, हिंदी तुमच्यापेक्षा बरी. सेला उतरल्यावर तो सहज विचारील, ‘सर, आपके महाराष्ट्र में कितने ट्राइब हैं?’

हसून सांगा, आमच्याकडे तसलं नसतं. (हॉलमधलं वारली चित्र या क्षणी आठवू नये.)

‘फिर शादी किसी से भी होती है?’

आता नीट समजावून सांगा. तसं नाही. देशस्थ, कोकणस्थ, कऱ्हाडे, त्यात ऋग्वेदी-यजुर्वेदी. पलीकडे शहाण्णव कुळी, त्यांची देवकं. मग पोटजाती, गोत्र, पत्रिका, मंगळ. बोमदिला मागे पडेल, रस्ता नदीला लागेल, तुमची यादी चालूच राहील. भालुकपाँगचा नाका दिसू लागल्यावर तो आरशातून एकदा तुमच्याकडे बघेल.

‘सर, इसका परमिट कहाँ से निकलता है?’