मीटरांचा वाद आणि फार्गेचे छत

मी ब्रेमेनमध्ये राहू लागल्याला आता बारा वर्षे झाली, पण जुन्नरच्या शाळासोबत्यांचा व्हॉट्सॲप गट रोज सकाळी मला गावाच्या पारावर नेऊन बसवतो. २०२५ च्या मे महिन्यात त्या पारावर, पाकिस्तानचा अण्वस्त्रसाठा जेथे असल्याचे म्हटले जाते त्या किराणा टेकड्यांवर भारताने मारा केला का, हा विषय होता. हवाई दलाचे एअर मार्शल ए. के. भारती यांनी १२ मे रोजी पत्रकार परिषदेत तेथे मारा केला नसल्याचे स्पष्टपणे सांगितले, तरी गटाचे समाधान झाले नाही. जूनमध्ये अमेरिकेने इराणच्या फोर्डो येथील भूमिगत अणुकेंद्रावर बॉम्ब टाकले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, आपली संरक्षण संशोधन संस्था डीआरडीओ अग्नी-५ क्षेपणास्त्राला साडेसात टनांचे पारंपरिक (अण्वस्त्र नसलेले) स्फोटकाग्र, म्हणजे वॉरहेड, बसवणार असून ते जमिनीत ८० ते १०० मीटर खोल घुसेल, अशा बातम्या भारतीय वृत्तपत्रांत आल्या. अमेरिकेचा बॉम्ब ६० मीटर आणि आपला १००, असा हिशेब गटाने तासाभरात मांडून मोकळा केला.

त्या हिशेबात ‘कशात घुसेल’ हा प्रश्नच नव्हता. मुरमात, सिमेंट-काँक्रीटमध्ये आणि अखंड कातळात एकच बॉम्ब अगदी वेगवेगळ्या खोलीपर्यंत जातो. ज्यांच्या शेतात विहीर आहे, त्यांना हे मी सांगायला नको.

दोन वर्षांपूर्वी आई-बाबा येथे आले असताना मी त्यांना फार्गेला नेले होते. ब्रेमेनहून निघणाऱ्या लोकलचे ते शेवटचे स्टेशन. वेझर नदीच्या काठी नाझी राजवटीने १९४३ पासून पाणबुड्या बांधण्यासाठी ‘व्हॅलेंटिन’ नावाचा प्रचंड बंकर उभारला, तो सुमारे सव्वाचारशे मीटर लांब आहे. त्यासाठी युद्धकैदी आणि छळछावण्यांतील माणसे वेठीला धरली गेली आणि त्यांतील कित्येक भुकेने व श्रमाने तेथेच मेली. आज ते स्मृतिस्थळ आहे. छत काही भागात साडेचार मीटर जाड आहे, तर काही भागात ते सात मीटरपर्यंत वाढवले होते. २७ मार्च १९४५ रोजी ब्रिटिश विमानांनी त्यावर ‘ग्रँड स्लॅम’ हे सुमारे दहा टनांचे बॉम्ब टाकले आणि त्यांपैकी दोन छताच्या साडेचार मीटरच्या भागावर पडले. बाबा त्या भगदाडाखाली बराच वेळ वर बघत उभे राहिले आणि मग म्हणाले, “हे वरून फुटलेलं नाही रे. आधी आत शिरलंय, मग उडालंय. आपल्या विहिरीचा सुरुंग असाच असतो.”

त्यांचे बरोबर होते. ते बॉम्ब छत भेदून पार झालेच नव्हते. काँक्रीटमध्ये साधारण अर्ध्यापर्यंत रुतून ते फुटले आणि उरलेला थर खाली कोसळला. कातळाच्या पृष्ठभागावर दारू ठेवून पेटवली तर आवाज होतो आणि धूर निघतो, कातळ मात्र जागचा हलत नाही. भोक पाडून, दारू भरून, वरून माती ठासली की तीच दारू कातळ फोडते. बार्न्स वॉलिस या ब्रिटिश अभियंत्याने ‘टॉलबॉय’ आणि ‘ग्रँड स्लॅम’ या बॉम्बसाठी हेच तत्त्व वापरले. बॉम्ब जमिनीत खोल जाऊन फुटला की धक्का हवेत वाया न जाता जमिनीतून पसरतो आणि शेजारच्या बांधकामाचा पायाच हलवतो.

फोर्डोवर वापरलेला अमेरिकेचा जीबीयू-५७ हा बॉम्ब याच घराण्यातला आहे. त्याचे वजन सुमारे १३,६०० किलो आणि लांबी सहा मीटरांहून थोडी अधिक असली, तरी व्यास जेमतेम ०.८ मीटर आहे. पहार जड आणि टोकाशी निमुळती का असते, त्याचेच हे मोठे रूप. त्यात स्फोटक जेमतेम २,४०० किलो असून बाकीचे बहुतेक वजन जाड पोलादी कवचाचे आहे, कारण आदळल्यावर बॉम्ब अखंड राहिला नाही तर पुढचे सगळे व्यर्थ. (१९९१ च्या आखाती युद्धात असे कवच तातडीने हवे होते, तेव्हा अमेरिकनांनी जुन्या तोफांच्या नळ्या कापून त्यांत स्फोटक भरले आणि काही आठवड्यांत जीबीयू-२८ हा भेदक बॉम्ब तयार केला. हा जुगाड आपल्याकडे झाला असता, तर त्याच्या कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या असत्या.)

सर्वांत अवघड भाग फ्यूजचा, म्हणजे बॉम्बचा स्फोट घडवणाऱ्या यंत्रणेचा. बॉम्ब आदळताना बसणारा हादरा गुरुत्वाकर्षणाच्या हजारो पट असू शकतो. तो सोसून, योग्य क्षणापर्यंत थांबून, मगच फ्यूजने काम करायचे असते. फ्यूज फसला की काय होते, ते आम्ही जर्मनीत अजूनही पाहतो. पाया खणताना महायुद्धातला न फुटलेला बॉम्ब सापडतो, आसपासची वस्ती रिकामी केली जाते आणि आम्ही लेकराबाळांसह शाळेच्या सभागृहात बसून राहतो.

एवढे सगळे जमूनही फोर्डोला तो सरळ पुरला नसता. हे केंद्र डोंगराखाली ८० ते ९० मीटरांवर असल्याचे सांगितले जाते, म्हणजे ६० मीटरांचा सर्वत्र सांगितला जाणारा आकडा मानला तरी कमीच. म्हणून २२ जून रोजी तेथे टाकलेल्या बारा बॉम्बचा नेम दोन वायुवीजन मार्गांवर, प्रत्येकी सहा असा धरला होता. पहिल्याने तोंडावरचे काँक्रीटचे झाकण उडवायचे आणि मागच्यांनी त्याच वाटेने आत जायचे, अशी योजना अमेरिकेच्या संयुक्त सेनाप्रमुख समितीचे अध्यक्ष जनरल केन यांनी नंतर सांगितली. त्यांच्याच म्हणण्यानुसार त्यांच्या संरक्षण खात्यातील अधिकारी २००९ पासून या एका डोंगराचा अभ्यास करत होते. माझ्या मते खरा भेदक बॉम्ब तो अभ्यासच होता. तरीही हल्ल्यापूर्वी इराणकडे असलेले सुमारे ४४० किलो उच्च समृद्ध युरेनियम नेमके कोठे गेले, याचे उत्तर त्या बॉम्बनी दिले नाही.

पुण्यात पाषाणला डीआरडीओच्या एआरडीई या प्रयोगशाळेत बॉम्बचे आराखडे करणारी आणि एचईएमआरएल या दुसऱ्या प्रयोगशाळेत स्फोटकांवर काम करणारी माणसे आहेत, आणि त्यांना यातले काहीच नवे नाही. टीव्हीवरच्या चर्चेत मात्र क्षेपणास्त्राचा प्रचंड वेग म्हणजे तितकीच जास्त खोली असे गृहीत धरले जाते. एका मर्यादेपलीकडे वेग वाढला की पोलादाचे टोकच झिजू लागते, वाकते, फुटते आणि खोली त्या प्रमाणात वाढत नाही. शिवाय ज्याला लपायचे आहे, त्याला आणखी वीस मीटर खाली खणणे हे बॉम्ब वीस मीटर जास्त भेदक करण्यापेक्षा सोपे जाते.

याहून मोठा प्रश्न गटात कोणी विचारलाच नाही, म्हणून शेवटी मी विचारला. अग्नी-५ हे अण्वस्त्र वाहून नेणारे क्षेपणास्त्र म्हणून जगाला ठाऊक आहे. उद्या ते पारंपरिक स्फोटक घेऊन उडाले, तर रडारसमोर बसलेल्या पाकिस्तानी किंवा चिनी अधिकाऱ्याने आत काय आहे हे कशावरून ओळखायचे? फोर्डोवर बॉम्ब टाकायला अमेरिकेतल्या मिसुरीतून निघालेले विमान अर्ध्या वाटेतून परत बोलावता येते, क्षेपणास्त्र येत नाही. गटावर दोन दिवस शांतता होती. तिसऱ्या दिवशी कोणीतरी नव्या विहिरीचा फोटो टाकला, चाळीस फुटांवर काळा कातळ लागला होता.