भिगवणच्या बोटी बंद केल्याने रोहित परतणार नाहीत

हिवाळा आला की पक्षिप्रेमींच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर फिरू लागतो. त्याचा सार असा: पुणे जिल्ह्यातल्या भिगवणचे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, पर्यटकांच्या बोटींनी पळवून लावले, तेव्हा उजनी धरणाच्या फुगवट्यात चार वर्षं एकही पर्यटक सोडू नका, पक्षी आपोआप परततील. तिथल्या मच्छीमारांना फक्त पैसा दिसतो. बाहेरच्या देशांत अशा जागांना कुंपण घालतात, आपल्याकडे मात्र जत्रा भरते. हा मजकूर पुढे पाठवणारे बरेच जण माझ्या ओळखीचे आहेत आणि पक्ष्यांवर त्यांची खरी माया आहे. म्हणून एकेक दावा नीट तपासायला हवा.

बोटींनी रोहित पळवले, हा पहिला दावा. रोहित कुठे उतरणार हे सगळ्यात आधी पाण्याची खोली ठरवते. डोकं उलटं करून, चोच चिखलात घालून, पाणी गाळत खाणारा हा पक्षी. त्याला पायांना झेपेल इतकं उथळ पाणी लागतं आणि त्याखाली गाळ. उजनी हे काही नैसर्गिक सरोवर नव्हे. भीमेवर १९८० मध्ये पूर्ण झालेलं हे धरण आहे. पावसाळा संपतो तेव्हा धरण तुडुंब असतं आणि भिगवणजवळच्या कुंभारगाव-डिकसळच्या काठालाही रोहिताला उभं राहायला जागा नसते. पुढे कालव्याला पाण्याची आवर्तनं सुटतात, नदीत पाणी सोडलं जातं, फुगवटा मागे सरकतो आणि चिखलाचे पट्टे उघडे पडतात. पाऊस लांबला, धरण उशिरापर्यंत भरलेलं राहिलं, तर थवेही उशिरा येतात. त्यात कच्छच्या रणात त्यांची वीण कशी झाली, हाही भाग आहेच. थवे कमी दिसले तर आधी धरणाची पातळी बघा, मग बोटींचं नाव घ्या.

बोटी निर्दोष आहेत असं मात्र मी म्हणणार नाही. बोट थव्याच्या रोखाने निघाली की आधी खाणं थांबतं. पाण्यात बुडालेल्या माना एकेक करून वर येतात, मग सगळा थवा एकाच बाजूला चालू लागतो. बोट तिथेच थांबली तर थोड्या वेळाने माना पुन्हा खाली जातात. तशीच पुढे रेटली तर थवा पाण्यावर धावत सुटतो आणि उडतो. पंखाखालचा लाल-काळा रंग फोटोत यावा म्हणून काही जण नावाड्याकडून हे मुद्दाम करवून घेतात. मला याचा संताप येतो. पट्टकदंब हंसांचं तर आणखी वाईट. हिवाळा सरला की त्यांना हिमालय ओलांडून परत जायचं असतं. त्या प्रवासासाठी इथे चरून अंगावर धरलेली चरबी आपल्या एका फोटोपायी जाळायची, हे पाप आहे. पण त्यासाठी बोट कुठे थांबवायची याचा नियम हवा, आणि तो पाळला जातो की नाही हे बघणारं कुणीतरी हवं.

पर्यटक बंद झाले की जागा सुरक्षित होते, हा दुसरा दावा मला सगळ्यात घातक वाटतो. उजनीच्या फुगवट्याला अभयारण्याचा दर्जा नाही. पर्यटक थांबले तरी वाळू उपसणाऱ्या बोटी थांबणार नाहीत. महसूल आणि पोलिसांची पथकं त्या बोटी पकडून जिलेटिनने उडवतात, तरी पुन्हा नव्या येतात. त्यांनी उपसा केला की उथळ काठाचा खोल खड्डा होतो आणि रोहिताची चरायची जागाच जाते. बारीक आसाच्या जाळ्यांनी माशांची पिल्लंही उचलली जातात. हे सगळं पहाटेपासून पाण्यावर असलेल्या नावाड्याच्या डोळ्यांसमोर होतं. पक्षी टिकले तर त्याचं घर चालतं, म्हणून तो बोलतो. त्याची बोट काठाला लावली की तो बोलणार कशासाठी?

ओडिशातल्या चिलिका सरोवराच्या काठी मंगलाजोडी नावाचं गाव आहे. एकेकाळी पक्ष्यांच्या शिकारीसाठी ते बदनाम होतं. मग २००० च्या सुमारास तिथल्याच शिकाऱ्यांना हाताशी धरून पक्षी संरक्षण समिती उभी राहिली. बंदूक आणि विष सोडून दिलेली तीच माणसं आज पाहुण्यांना पक्षी दाखवतात. बोट बांबूने रेटतात, इंजिन लावत नाहीत. पर्यटक आले नसते तर त्यांना शिकार सोडणं परवडलं नसतं.

कुंपणाच्या दाव्याचं उत्तरही चिलिकाच देतं. तिथलं नलबण बेट पक्ष्यांसाठी राखीव आहे, पर्यटकांना तिथे उतरू देत नाहीत. मंगलाजोडी खुलं आहे, पण इंजिनाविना. चिलिकाच्याच काठच्या सातपाड्याला मात्र इंजिनाच्या बोटी डॉल्फिनांच्या मागे लागतात आणि अभ्यासक त्याविरुद्ध कधीपासून बोलत आहेत. आपल्याकडे नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मधमेश्वर पक्षी अभयारण्यातही लोक मनोऱ्यांवरून आणि काठावरून पक्षी बघतातच की.

मच्छीमारांना पैसा दिसतो? हो, दिसतो, आणि दिसायलाच हवा. या धरणाने त्यांच्या भागातली गावंच्या गावं गिळली. पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं मंदिर आजही वर येतं. आता जाळ्यात बहुतेक चिलापी मासळीच सापडते. हिवाळ्यातले दोन-तीन महिने बोटीवर चार पैसे मिळाले तर त्यात लाज कसली?

आणि मजकुरात नसलेली गोष्ट म्हणजे आपलं सांडपाणी. पुणे आणि पिंपरी-चिंचवडची घाण मुळा, मुठा, पवना, इंद्रायणीतून भीमेत आणि भीमेतून थेट उजनीत जाते. उन्हाळ्यात काठाचं पाणी शेवाळाने हिरवं पडतं, वास मारतं. बोटी चार वर्षं काय, चाळीस वर्षं बंद ठेवल्या तरी ते पाणी सुधारणार नाही. मजकूर पुढे पाठवणाऱ्यांनी त्याऐवजी आपल्या नगरसेवकाला गाठावं आणि प्रभागातलं किती सांडपाणी प्रक्रिया न होता नदीत जातं ते लेखी विचारावं. चरण्याचे काही पट्टे पूर्ण बंद ठेवा, बोटींची नोंदणी करा, थव्यापासूनचं अंतर ठरवून द्या, असं वनखात्याला लिहावं. आणि भिगवणला गेल्यावर बोटीत पाय ठेवण्याआधीच नावाड्याला सांगावं, “दादा, थवा उडवायचा नाही. लांबूनच बघू. पैसे ठरलेत तेवढेच देऊ.”