जेवणानंतर खाल्लेलं फळ पोटात सडत नाही

गेल्या आठवड्यात संध्याकाळच्या बदलापूर लोकलमध्ये फळवाली चढली. टोपलीत पेरू, वर पानं तशीच. माझ्या शेजारची मैत्रीण मांडीवर पिशवी घेऊन मेथी निवडत होती. तिचं हिमोग्लोबिन 9 वर आलंय, डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लावल्यात. मी दोन पेरू घेतले, एक तिच्यापुढे धरला. ती म्हणाली, "नको गं, चार वाजता डबा खाल्लाय. आता पोटात सडेल तो." आणि मोबाईल काढून मला तो मेसेज दाखवला, जो आमच्या लोकलच्या डब्याच्या ग्रुपवर वर्षातून दोनदा तरी येतो.

मेसेज असा: फळं फक्त रिकाम्या पोटी खावीत. पोळीभाजीनंतर खाल्लं तर फळाची वाट अडते, ते सडतं, त्याचं आम्ल होतं. रिकाम्या पोटी खाणाऱ्यांचे केस पिकत नाहीत, टक्कल पडत नाही. तीन दिवस नुसत्या फळांच्या रसावर राहिलं की शरीरातलं विष निघून जातं. या पद्धतीने कॅन्सरही बरा होतो. दहा जणांना पाठवा.

आधी सडण्याचं बघू, कारण सगळा मेसेज त्यावरच उभा आहे. पदार्थ सडायला जंतू लागतात आणि त्यांना वाढायला वेळ लागतो. जठरातलं आम्ल इतकं तीव्र असतं की बहुतेक जंतू तिथे तग धरत नाहीत. वाट अडण्याचं म्हणाल तर जठर म्हणजे तिकिटाची रांग नव्हे, की पोळी पुढे उभी म्हणून केळं मागे अडकलं. तिथे सगळं एकत्र घुसळलं जातं आणि त्याची पेज थोडी थोडी करून लहान आतड्यात सोडली जाते. भरल्या पोटी फळ सावकाश पुढे सरकतं, एवढंच. त्यातली साखरही मग रक्तात हळू उतरते, हा उलट फायदाच. फळांचा चोथा आंबतो हे खरं, पण तो मोठ्या आतड्यात, आणि फळ कधीही खाल्लं तरी. तिथले जंतू त्यावरच जगतात आणि त्यातून आतड्याच्या अस्तराला पोषण मिळतं.

आणि आपल्याकडे फळ जेवणातच असतं की! आमरस-पुरी, शिकरण-पोळी, अननसाचं सासव, पिकल्या आंब्याचं रायतं. माझी आजी रसाच्या वाटीत चमचाभर तूप सोडल्याशिवाय ती पुढे सरकवत नसे. आंब्याचा केशरी रंग ज्या कॅरोटीनमुळे येतो, ते स्निग्ध पदार्थासोबतच नीट शोषलं जातं आणि शरीर त्याचं अ जीवनसत्त्व बनवतं. आजीला कॅरोटीन ठाऊक नव्हतं, तूप मात्र ठाऊक होतं.

आता माझ्या मैत्रिणीचा मुद्दा, ज्यासाठी मी हे लिहायला बसले. मेथी, मटकी, हरभरे, बाजरी यांतलं लोह शरीराला सहजी घेता येत नाही. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असलं तर ते कितीतरी चांगलं शोषलं जातं. त्याच जेवणात, दोन तासांनी नव्हे. म्हणून पोह्यांवर लिंबू पिळायचं, उसळीबरोबर कच्चा टोमॅटो खायचा. पेरूत 100 ग्रॅममागे 200 मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असतं, संत्र्याच्या चौपट. म्हणजे डब्यातली मेथी खाऊन झाल्यावर लगेच पेरू खाणं हे तिच्यासाठी औषधासारखं आहे, आणि मेसेज नेमकं तेच बंद करतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या सुमारे 54 टक्के बायकांत रक्तक्षय आढळला. आमच्या लोकलच्या डब्यात तिघींच्या बाकावर सरकून बसणारी चौथीही मोजली तर एका बाकावर दोघी. जेवणाला लागून टाळायचाच असेल तर चहा टाळा, तो लोह अडवतो.

शिवाय रिकामं पोट म्हणजे नक्की कधी? ती साडेपाचला उठते, चहा-बिस्किटावर सहा वाजून दहाची गाडी पकडते, रात्री आठला घरी. हा नियम पाळला तर तिच्या दिवसात फळाला जागाच उरत नाही, आणि खरंच उरलेली नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शनानुसार दिवसाला 500 ग्रॅम भाज्या-फळं पोटात जायला हवीत. आपल्यातल्या किती जणींच्या जातात?

केसांबद्दल: ते पिकणं, गळणं बहुतेक आनुवंशिक आणि वयाचं. फळाच्या वेळेशी त्याचा संबंध नाही.

रसाचे तीन दिवस मात्र धोक्याचे. यकृत आणि मूत्रपिंडं रोज रक्त गाळतातच, त्यांना सुट्टी देऊन विष निघत नाही. ग्लासभर मोसंबीच्या रसात तीन-चार मोसंब्यांची साखर येते, चोथा तिथल्याच बादलीत जातो. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने असा उपास केला तर साखर कुठेही जाऊ शकते. मूत्रपिंडाचा आजार बळावलेल्यांना फळांतलं, शहाळ्यातलं पोटॅशियमही घातक ठरतं. शाळेबाहेर तिखटमीठ लावून मिळणारं कमरख (स्टारफ्रूट) तर त्यांनी तोंडातही घालू नये, त्यातल्या विषाने मेंदूवर परिणाम होतो.

आणि कॅन्सर. माझ्या मावशीला छातीत गाठ लागली, तेव्हा कुणीतरी हाच मेसेज तिच्या हातात दिला. ती दोन महिने रसावर राहिली, कुणाला काही बोलली नाही. डॉक्टरांकडे गेली तोवर गाठ काखेपर्यंत पोचली होती. तिचं ऑपरेशन झालं, केमो झाली, आज ती आमच्यात आहे. पण ते दोन महिने मला विसरता येत नाहीत. भाज्या-फळं भरपूर खाल्ली तर काही कॅन्सरचा धोका थोडा कमी होतो, हे खरं. झालेला कॅन्सर फळाने जात नाही, रिकाम्या पोटीही नाही. परळला मी रोज टाटा हॉस्पिटलवरून जाते, बाहेर फूटपाथवर गावाकडून आलेली माणसं रिपोर्टच्या पिशव्या उशाला घेऊन झोपलेली असतात. त्यांच्यापैकी कुणाच्याही हातात हा मेसेज पडू नये.

जेवणावर लगेच फळ खाल्लं की कुणाचं पोट फुगतं, त्यांनी तासभर थांबावं. आम्लपित्त असणाऱ्यांनी सकाळी उपाशीपोटी संत्रं, अननस न खाल्लेलं बरं. ज्याला जेव्हा सोसेल तेव्हा.

हे सगळं मी त्या दिवशी ठाण्यापासून कळव्यापर्यंत सांगत होते. तिने मेथीच्या काड्या गुंडाळल्या, पेरू पदराला पुसायला लागली. मी म्हटलं, बाटलीतल्या पाण्याने धू.