मी अप्रशिक्षित झालो, तुम्हीही होऊ शकता

शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून नवीन लागलेल्या गुरुजी आणि मॅडम लोकांनो, आधी अभिनंदन. टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा झाली, टेट म्हणजे भरतीची अभियोग्यता परीक्षा झाली, कागदपत्र पडताळणी झाली, समुपदेशनात गाव भेटलं, आता जाऊन पोरांना शिकवायचं असं काही डोक्यात असेल तर ते तिथंच ठेवा. शिकवायला काय, वेळ भेटला की शिकवता येतं. खरं काम म्हणजे आपण शिकवायला लायक आहोत हे दर दोन-तीन महिन्याला लिंकवर भरणं, आणि ते डीएडच्या, म्हणजे शिक्षकाच्या पदविकेच्या, दोन वर्षात कुणी शिकवत नाही, म्हणून मी लिहायलोय.

माझा अधिकार काय म्हणाल तर गेल्या आठवड्यात मी अप्रशिक्षित झालो. वीस वर्षं सर्विस झाल्यावर. हे सगळ्यांना जमत नाही.

सुरुवात ग्रुपपासून करा. केंद्राचा ग्रुप, तालुक्याचा ग्रुप, तालुक्याचा फक्त-अ‍ॅडमिन-बोलतील तो ग्रुप, टपाल ग्रुप, अतितात्काळ टपाल ग्रुप, सगळे म्यूट करायचे नाहीत. मेसेज शनिवारीच येतो. सकाळची शाळा सुटते, भाकर खाऊन माणूस जरा आडवा होतो की दीड वाजता लाल गोळे लावून मेसेज, "सर्व शिक्षकांनी आपली शैक्षणिक व व्यावसायिक अर्हता आज ५ वाजेपर्यंत लिंकवर भरावी, न भरल्यास वेतन थांबवण्यात येईल व त्याची सर्वस्वी जबाबदारी आपली राहील." खाली पन्नास जणांचे हात जोडलेले. तुम्हीही जोडा. न जोडणाऱ्याची वेगळी यादी होते.

निळा पेन जवळ ठेवा.

फोटो पांढऱ्या बॅकग्राउंडचा, ५० केबीच्या आत.

ओटीपीसाठी मारुतीच्या पाराजवळ उभं राहा, आमच्या गावात रेंज तिथंच आहे. तुमच्या गावात पाण्याची टाकी असेल तर वर चढा.

आता जन्म कुठं घ्यावा यावर थोडं बोलतो. मी घेतला तेव्हा आमचं गाव परभणी जिल्ह्यात होतं. मार्च १९९९ मध्ये दहावीचे पेपर दिले तेही परभणी जिल्ह्यातच. १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा झाला, म्हणजे आम्ही जागेवरच बसून जिल्हा बदलला. टीसीवर जिल्हा परभणी, रहिवासी प्रमाणपत्रावर हिंगोली, आणि त्या लिंकवरचं पोर्टल लाल अक्षरात विचारायलंय की दोन्हीतलं खरं कोणतं. दोन्ही खरं आहे बाबा, पण "दोन्ही" असा ऑप्शन नाही. मग दहावीचं सर्टिफिकेट औरंगाबाद विभागीय मंडळाचं, ड्रॉपडाऊनमध्ये छत्रपती संभाजीनगर. डीएड उस्मानाबादला केलं, ड्रॉपडाऊनमध्ये धाराशिव. नाव बदललं त्याला माझी काहीच ना नाही, पण वर स्टार करून लिहिलंय की "प्रमाणपत्रावर आहे तसेच नमूद करावे, तफावत आढळल्यास कार्यवाही". आता प्रमाणपत्रावर आहे तसं ड्रॉपडाऊनमध्ये नाही आणि ड्रॉपडाऊनमध्ये आहे तसं प्रमाणपत्रावर नाही. आमच्या बाजूच्या शाळेतले सर जालन्याचे, त्यांचा जिल्हा १९८१ ला झाला, ते म्हणाले मी दर वेळी डोळे मिटून कायतरी निवडतो आणि देवावर सोडतो. त्यांना अजून नोटीस आली नाही. म्हणजे ही पद्धत चालते.

नवीन पोरांनो, तुमचं गाव नीट बघून ठेवा, पुढं काय काय बदलंल सांगता येत नाही.

तर माझं कुठं अडकलं. मी २००३ ला डीएड झालो. आता त्याच कोर्सला डीएलएड म्हणतात. पोर्टलवर व्यावसायिक अर्हतेच्या रकान्यात डीएलएड होतं, बीएड होतं, एमएड होतं, बीपीएड होतं, इतर होतं. डीएड नव्हतं. आता माझ्या सर्टिफिकेटवर चार ठिकाणी डीएड छापलंय आणि वर तो "आहे तसेच नमूद करावे"चा स्टार. इमानदार माणूस काय करील? "इतर" निवडलं. खाली रकाना आला त्यात टाईप केलं, डीएड. सबमिट. हिरवी टिक. मी म्हणलं झालं, आणि खुशाल चहा घेतला.

सोमवारी ग्रुपवर शीट आली. "तालुक्यातील अप्रशिक्षित शिक्षकांची यादी." चार नावं, चौघांचीही लाल रंगात, माझं दुसऱ्या नंबरवर. संगणकाने "इतर" म्हणजे काहीच नाही असा अर्थ लावला. खाली ओळ, "सदर शिक्षकांनी अप्रशिक्षित असताना सेवेत कसे, याचा लेखी खुलासा २४ तासात समक्ष सादर करावा." समक्ष.

मी अप्रशिक्षित असताना सेवेत कसा? अहो २००६ ला ऑर्डर दिली ती तुम्हीच. ओरिजिनल बघून, झेरॉक्सवर सही-शिक्का मारून, सेवापुस्तकात नोंद करून. तीन वर्षं महिना ३००० रुपये मानधनावर शिक्षणसेवक होतो तेव्हा विचारलं नाही की तू प्रशिक्षित आहेस का. एमएससीआयटी या संगणक कोर्सची ३१ डिसेंबर २००७ ची मुदत होती, ते सर्टिफिकेट नेऊन दिलं. नोकरीत असताना परवानगी काढून मुक्त विद्यापीठातून बीए केलं, तेही दिलं. बारा वर्षं झाली की वरिष्ठ वेतनश्रेणी, त्याचं ट्रेनिंग केलं, त्याच्या प्रस्तावाला पुन्हा दहावीपासून सगळं जोडलं. तो प्रस्ताव म्हणजे लग्नातली पत्रावळ झाली होती, इतकं वाढून ठेवलं. दहावीचं सर्टिफिकेट प्रमोशनच्या फायलीला, बदलीच्या फायलीला, वेतन निश्चितीला, आणि एकदा तर निवडणूक ड्युटीच्या फॉर्मलाही जोडलंय, ते कामून मागितलं होतं हे मागणाऱ्यालाही माहीत नव्हतं.

एक टिप यातून घ्या. तालुक्याला एक झेरॉक्सवाला पक्का धरा. आमच्यावाल्याकडं माझी सगळी कागदं माझ्या नावाचं फोल्डर करून सेव्ह आहेत. फोन केला की सेट काढून, पंच करून ठेवतो, वरून विचारतो, "सर, दोन प्रतीत का तीन?" एवढ्या पोर्टलांना जे वीस वर्षात जमलं नाही ते त्यानं दोन रुपये पानानं जमवलंय.

नावाचं सांगायचं राहिलं. एका कागदावर आडनाव पुढं, दुसऱ्यावर मागं, आधारवर वडलांचं नाव अर्धं, इंग्रजीत कुठं डबल ए कुठं सिंगल ए. जुळत नसेल तर शपथपत्र करा की या सगळ्या नावाचा माणूस मीच आहे. मी केलंय. दोनदा. पहिल्या शपथपत्रातच नाव चुकलं होतं.

"निरंक" लिहायला शिका. माहिती नसेल तरी निरंक अहवाल पाठवायचा असतो, म्हणजे काहीही झालं नाही हे वेळेत कळवायचं असतं.

तर मंगळवारी गेलो समक्ष. आमची शाळा पहिली ते पाचवी, पोरं ६७. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात ६० पर्यंत दोन शिक्षक आणि ६१ ते ९० ला तीन लिहिलेले आहेत. आम्ही दोघं. मी समक्ष गेलो की मॅडम एकट्या, पाच वर्ग, एक खोली. मी अकराला पोहोचलो. तालुक्याच्या ऑफिसातले क्लार्क भाऊसाहेब व्हीसीला, म्हणजे व्हिडिओवरच्या मीटिंगला. व्हीसी कशाची, तर प्रलंबित माहितीची. दोनला आले. माणूस चांगला, त्याच्याकडं तीन टेबलांचा चार्ज आहे, त्याला काय बोलावं. म्हणला, "सर, तुमचं डीएड मला माहिती आहे हो, सेवापुस्तकात असंलच, पन पुस्तक जिल्ह्याला गेलंय पडताळणीला." मी म्हणलं मग ओरिजिनल बघा. त्यानं बघितलं. म्हणला, "बरोबर आहे. पन दुरुस्तीची विंडो बंद झाली. उघडली की ग्रुपवर टाकतो." मी म्हणलं तवर मी काय? तो हसला. "तवर तुम्ही इतर."

गावात आलो तर पारावर बातमी माझ्या आधी पोहोचलेली. एक म्हातारे बाबा, ज्यांच्या नातवाला मी बाराखडी शिकवली, प्रेमानं जवळ बोलावून म्हणाले, "गुर्जी, डिगरी खोटी निघाली म्हणं तुमची?" आणि दुसऱ्या दिवशी तिसरीतली एक पोरगी हजेरी चालू असताना उभी राहून विचारायली, "सर, तुम्ही नापास झालात का?" सगळा वर्ग गप्प. मी म्हणलं नाही बाई, मी इतर झालो. तिला कळलं नाही. मला तरी कुठं कळलं.

आता टीईटीबद्दल. टीईटी सक्तीची करणारी एनसीटीईची, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची, अधिसूचना २३ ऑगस्ट २०१० ची, मी लागलो २००६ ला, म्हणून आम्ही पंधरा वर्षं निवांत होतो. १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला की पाच वर्षांपेक्षा जास्त नोकरी उरलेल्यांनी दोन वर्षात टीईटी पास व्हायची, नाहीतर घरी. माझी उरलीय सोळा वर्षं. दीडशे मार्क, दीडशे मिनिटं, नव्वद पाहिजेत. २३ नोव्हेंबरला पेपर द्यायला गेलो तर माझ्या पुढच्या बेंचवर माझाच विद्यार्थी, चौथीत होता माझ्याकडं. पाया पडला आणि म्हणला, सर बालमानसशास्त्राचं काही विचारायचं असंल तर विचारा. आमच्या स्टाफरूममध्ये या निकालावर लोक शिव्या देतात. मी देत नाही. पोरांना शिकवणाऱ्याची परीक्षा घ्यायलाच पाहिजे, वाटलं तर दर पाच वर्षाला घ्या, मी बसतो.

पण हे बोललो तर सरळच बोलतो, टिपा बास झाल्या.

आधी आपल्याच माणसांना. २०१९-२० च्या टीईटीत पैसे मोजून पास झालेले सात हजारांहून जास्त निघाले. सात हजार! तुमच्यामुळं आज प्रत्येक गुरुजीकडं चोरासारखं बघायलेत. तुम्ही एका रात्रीत सर्टिफिकेट घेतलं आणि आम्ही जन्मभर झेरॉक्स काढायलोत. आणि संघटनेच्या मीटिंगमध्ये याच्यावर तोंड उघडायचं नाही, फक्त लिंकच्या विरोधात घोषणा. लाज वाटू द्या.

आणि साहेब, तुम्ही. माहिती मागायला माझी हरकत नाही. शिक्षक काय शिकलाय हे सरकारला माहीत पाहिजे, गावाला तर त्याच्या आधी माहीत पाहिजे. पण एकदा घेतलेली माहिती तुम्ही ठेवता कुठं? शाळेला ११ आकडी कोड दिला, मला पगाराच्या शालार्थ प्रणालीचा आयडी दिला, आधार जोडलं, पगार दर महिन्याला त्याच नंबरवर पडतो. म्हणजे पगार द्यायला मी कोण ते कळतं आणि डीएड आहे का ते कळत नाही? शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ वाचलंय का कधी? जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला बिगरशैक्षणिक काम लावू नका असं त्यात आहे. तुमची लिंक यातल्या कोणत्या आपत्तीत बसते? मंगळवारी माझ्या दोन वर्गांची शाळा बुडाली, तो रकाना कोणत्या शीटमध्ये आहे?

आणि ही सगळी अर्हता वर वर जाते, खाली कुणाला दाखवली का आजवर? आमच्या गावातल्या एका तरी बापाला तुम्ही कागद दिला का की तुमच्या शाळेत तीन शिक्षक पाहिजेत आणि दोनच आहेत, तिसरी जागा तीन वर्षं रिकामी आहे? माझी लायकी तपासायला चौदा रकाने, आणि जो माणूसच नाही त्याच्यासाठी एकही नाही. त्या खुर्चीला विचारा ना खुलासा. ती समक्ष येईल.

मी बुधवारी शाळेच्या दारातल्या फळ्यावर खडूनं लिहून टाकलं. सर, डीएड, बीए. मॅडम, डीएड, बीएड. तिसरं पद, रिक्त. पोरांचे आईबाप येता-जाता वाचायलेत. ते बाबा दोनदा वाचून गेले आणि म्हणाले, "तिसरा मास्तर कवा येतो?" त्यांना मी काय सांगू, विंडो बंद आहे?

शीटमध्ये माझं नाव अजून लाल आहे. आधी ते काढा.