‘बँक नको, लोकांकडून पैसा उचला’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

‘धंद्याला पैसा उभा करण्याचे सात मंत्र’ नावाचा एक मेसेज पुण्यातल्या उद्योजकांच्या, सोसायट्यांच्या आणि समाजाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो आहे. भोसरीत जॉबवर्कचं (दुसऱ्या कंपन्यांची कामं करून देण्याचं) शेड चालवणाऱ्या माझ्या मावसभावाने तो मला पाठवला आणि खाली विचारलं, “तीन नंबरचं सुरू करू का? सोसायटीतले चौघं तयार आहेत.” म्हणून हे घाईने लिहितो आहे.

मेसेजमधले सात दावे थोडक्यात असे. धंद्याची किंमत म्हणजे टर्नओव्हर गुणिले दहा. कर्ज घेण्यापेक्षा हिस्सा विका, त्याला व्याज नसतं. ओळखीच्यांकडून महिना दोन टक्क्यांनी पैसे घ्या, नोटरी केली की सगळं कायदेशीर. मुद्रा कर्जातले ३५ टक्के माफ होतात. उधारी देऊन विक्री वाढवा, नफा मागून येतो. प्रायव्हेट लिमिटेड केली की स्टार्टअप इंडियाकडून पैसे मिळतात. आणि शेवटचा, बँक छोट्या माणसाला दारात उभं करत नाही.

सुरुवात तिसऱ्यापासून करतो. बाकीचे सहा चुकले तर पैसे जातील, हा चुकला तर तुरुंगात जायची वेळ येईल.

२०१९ मध्ये केंद्राने अनियंत्रित ठेवींवर बंदी घालणारा कायदा केला. वकील आणि सीए त्याला ‘बड्स ॲक्ट’ म्हणतात. त्यात ठेवीची व्याख्या फार रुंद आहे. परत करण्याचं वचन देऊन घेतलेली रक्कम ही ठेव, मग तुम्ही तिला कर्ज म्हणा, ॲडव्हान्स म्हणा, व्याज ठरवा किंवा ठरवू नका. बँकेचं कर्ज, माल देणाऱ्याची उधारी, भागीदाराचं भांडवल आणि एकट्या मालकाने नातेवाइकांकडून घेतलेलं कर्ज अशा काही गोष्टी त्यातून वगळल्या आहेत. पण इथे ‘नातेवाईक’ म्हणजे कंपनी कायद्यातले नातेवाईक: नवरा-बायको, आई-वडील, मुलगा-सून, मुलगी-जावई, भाऊ-बहीण, शिवाय एकत्र कुटुंबातले सदस्य. काका, मामा, मेहुणा, साडू त्यात नाहीत. सोसायटीतले चौघं तर नाहीतच.

मित्राने अडीनडीला एकदा हातउसने दिले तर लगेच गुन्हा होतो, असं नाही. कायद्याचा रोख ‘व्यवसाय म्हणून’ ठेवी गोळा करणाऱ्यावर आहे. पण चौघांना एकच दर सांगितला, एकाच मसुद्यावर सह्या घेतल्या, पाचव्याला ग्रुपवर बोलावलं आणि दर महिन्याला परतावा वाटायला लागलात, की ते हातउसने राहत नाही, योजना होते. मेसेज नेमकं हेच करायला सांगतो. अशा ठेवी नुसत्या मागितल्या तरी एक ते पाच वर्षं कैद आणि किमान २ लाख रुपये दंड. स्वीकारल्या तर दोन ते सात वर्षं आणि किमान ३ लाख. लबाडीने बुडवल्या तर तीन ते दहा वर्षं. शिवाय महाराष्ट्रात ठेवीदारांच्या हितरक्षणाचा १९९९ चा वेगळा कायदा आहे, त्यात मालमत्ता जप्त होते.

‘नोटरी केली की कायदेशीर’ हे वाक्य कुणी लिहिलं असेल त्याने नोटरी म्हणजे काय हे कधी विचारलेलंच नाही. नोटरी सह्या कुणी केल्या एवढं सांगते. बेकायदा करारावर शिक्का मारला म्हणून तो कायदेशीर होत नाही, उलट तुमच्याविरुद्धचा पुरावा पक्का होतो. त्यातून ही रक्कम रोख घेतली तर आणखी एक खड्डा: २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीने घेता येत नाही, घेतलं तर प्राप्तिकर खातं तेवढ्याच रकमेचा दंड लावू शकतं. परतफेडीलाही तीच मर्यादा. तुमची प्रायव्हेट लिमिटेड असेल तर संचालक, त्यांचे नातेवाईक आणि मर्यादेत भागधारक यांच्याकडून कंपनीला पैसे घेता येतात. संचालकाने मात्र ते उसने आणलेले नाहीत असं लेखी द्यावं लागतं. म्हणजे शेजाऱ्याचे पैसे संचालकाच्या नावाने फिरवायची वाटही बंद.

कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब बसत नाही. समजा १५ लाखांचं व्हीएमसी मशीन (धातू कापणारं संगणकी यंत्र) घ्यायचं आहे. महिना दोन टक्के म्हणजे ३०,००० रुपये फक्त व्याज. पाच वर्षांत १८ लाख गेले आणि मूळ १५ लाख जिथल्या तिथे उभे. हेच १५ लाख बँकेकडून ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता साधारण ३२,६०० रुपये बसतो, आणि साठाव्या हप्त्याला कर्ज संपतं. एकूण व्याज साडेचार लाखांच्या आसपास. महिन्याला जेमतेम अडीच हजारांचा फरक, पण एका वाटेने मशीन तुमचं होतं आणि दुसऱ्या वाटेने पाच वर्षांनी पुन्हा १५ लाख शोधायची वेळ येते. तेव्हा लोक जुन्यांचे पैसे द्यायला नव्यांकडून घेतात. अशी प्रकरणं पोलिसांत जातात ती इथून पुढे. मालकाला फसवायचं नसतं, पण कोर्टात ते सिद्ध करायची पाळी त्याच्यावर येते.

आता किंमत. टर्नओव्हर गुणिले दहा हे सूत्र टीव्हीवरच्या गुंतवणुकीच्या कार्यक्रमांतून उचललेलं दिसतं. बुधवार पेठेतला चार टक्के नफ्यावर इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग विकणारा व्यापारी आणि भोसरीतला अठरा टक्के सुटणारा जॉबवर्कवाला, दोघांची वर्षाची विक्री एक कोटी असली तर दोघांचा धंदा दहा-दहा कोटींचा? असा भाव देणारा माणूस आणून दाखवा.

खरी मोजणी अशी होते. विक्री १ कोटी, वह्यांत नफा १४ लाख. पण मालक स्वतः दिवसभर शेडवर उभा असतो आणि पगार घेत नाही. त्याच्या जागी सुपरवायझर-मॅनेजर ठेवायचा तर महिना ६०,००० धरले, वर्षाचे ७.२ लाख गेले. गाळा स्वतःचा आहे म्हणून भाडं लागत नाही, पण घेणाऱ्याला लागेल. महिना २५,००० धरले तर ३ लाख. उरले ३.८ लाख. त्याला तीनपट धरा, चारपट धरा, आकडा ११ ते १५ लाखांच्या घरात येतो, दहा कोटींच्या नाही. मग खालून तपासायचं: मशीन आज विकलं तर काय येईल, हलणारा माल किती, नव्वद दिवसांच्या आतली येणी किती, त्यातून देणी वजा. दोन्हींतला जो आकडा मोठा, तिथून बोलणी सुरू होतात. सत्तर टक्के काम एकाच गिऱ्हाइकाचं असेल तर घेणारा त्यातूनही कापतो, कारण ते गिऱ्हाईक मालकाच्या ओळखीवर टिकलेलं असतं. गाळा विक्रीत जाणार असेल तर त्याची किंमत वेगळी मांडा, धंद्याच्या किमतीत कालवू नका.

टक्केवारीतही लोक फसतात. २० लाखांना १० टक्के दिले म्हणजे पैसे आल्यानंतरची किंमत २ कोटी, आधीची १ कोटी ८० लाख. तुमच्या डोक्यात आधीची किंमत २ कोटी असेल तर २० लाखांना ९.०९ टक्केच द्यायचे. हे बोलणीच्या पहिल्या दिवशी लिहून घ्या.

‘हिस्स्याला व्याज नसतं’ हे शब्दशः खरं आहे आणि तितकंच दिशाभूल करणारं आहे. गुंतवणूकदाराच्या करारात विक्रीच्या वेळी त्याचे पैसे आधी परत, असं कलम जवळजवळ नेहमी असतं. त्याने ५० लाख देऊन २० टक्के घेतले, आणि पुढे कंपनी ८० लाखांना विकावी लागली. कलम ‘आधी मुद्दल, वर हिस्साही’ असं असेल तर तो ५० लाख उचलतो, उरलेल्या ३० लाखांचे २० टक्के म्हणजे ६ लाख आणखी घेतो. ८० टक्के मालकी असलेल्या तुम्हाला २४ लाख. ‘मुद्दल किंवा हिस्सा, जे जास्त ते’ असं लिहून घेतलं असतं तर ३० लाख मिळाले असते. एका ओळीचा फरक ६ लाखांचा. व्हेटोची (त्याच्या संमतीशिवाय घेता न येणाऱ्या निर्णयांची) यादी, जबरदस्तीने विकायला लावणारं कलम, पुढच्या फेरीत भाव पडला तर त्याला जादा शेअर, हे सगळं सहीआधी वकिलाकडून वाचून घ्या.

आणि प्रोप्रायटरशिपमध्ये, म्हणजे एकट्याच्या मालकीच्या धंद्यात, शेअर नसतातच, विकणार काय? कंपनी असली तरी शेअर द्यायची रीत कंपनी कायद्याच्या कलम ४२ मध्ये बांधलेली आहे. नावानिशी ठरवलेल्या लोकांनाच देकार, वर्षात दोनशेपेक्षा जास्त नाहीत. नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल. पैसे वेगळ्या बँक खात्यात, रोख नाही. साठ दिवसांत शेअरवाटप, त्यानंतर पंधरा दिवसांत वाटपाची माहिती सरकारला देणारा पीएएस-३ फॉर्म, आणि तो भरेपर्यंत त्या पैशांना हात लावायचा नाही. जाहिरात करायला बंदी आहे, म्हणजे ‘आमच्यात गुंतवा’ असं व्हॉट्सॲप स्टेटस ठेवणंही चालत नाही.

मुद्रा कर्जाचं एका दमात सांगतो. शिशु ५०,००० पर्यंत, किशोर ५ लाख, तरुण १० लाख, आणि आधीचं तरुण कर्ज नीट फेडलेल्यांना तरुण प्लसमध्ये २० लाखांपर्यंत. तारण नाही, पण परतफेड पूर्ण करायची. ३५ टक्क्यांचा आकडा ‘पीएमईजीपी’ या दुसऱ्याच योजनेचा आहे. तिथे अनुदान १५ ते ३५ टक्के, तेही गाव की शहर आणि अर्जदार कोण यावर. सर्वसाधारण गटातल्या शहरी अर्जदाराला १५ टक्केच. स्वतःचे पाच-दहा टक्के घालावे लागतात आणि अनुदान तीन वर्षं बँकेत अडकून राहतं, धंदा चालू दिसला तरच कर्जखात्यात वळतं होतं. ‘माफी करून देतो’ म्हणून आधी फी मागणारा एजंट दिसला की उठून या. लघुउद्योग म्हणून सरकारकडे करायच्या उद्यम नोंदणीलाही शून्य रुपये लागतात.

स्टार्टअप इंडियाची मान्यता हे प्रमाणपत्र आहे, चेक नाही. दहा हजार कोटींचा जो निधी सगळे सांगतात तो सिडबी या लघुउद्योगांसाठीच्या सरकारी बँकेमार्फत गुंतवणूक फंडांना जातो, तुमच्या खात्यात नाही. २०२१ च्या सीड फंड योजनेतलं २० लाखांपर्यंतचं अनुदान इन्क्युबेटरमार्फत (नव्या धंद्यांना जागा आणि मदत देणाऱ्या संस्थेमार्फत), नवं तंत्र सिद्ध करून दाखवण्यासाठी होतं. हातात नवं तंत्रज्ञान असेल तर पाषाणच्या व्हेंचर सेंटरसारख्या इन्क्युबेटरकडे जरूर जा. जॉबवर्कच्या शेडला त्याचा उपयोग नाही.

उधारीने विक्री वाढवण्याचा सल्ला मला तिसऱ्याखालोखाल घातक वाटतो, कारण तो चांगल्या चाललेल्या धंद्याला बुडवतो. महिना ५ लाखांचं काम, नव्वद दिवसांची उधारी, १८ टक्के जीएसटी. बिल ५.९ लाखांचं. ३ लाखांचा कच्चा माल, त्यावर आधीच भरलेला ५४,००० जीएसटी (इनपुट) वजा जाऊन ३६,००० कर पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरायचा, गिऱ्हाइकाचे पैसे मात्र तीन महिन्यांनी. आता विक्री दुप्पट केली. जादा ५.९ लाख गुणिले तीन महिने, म्हणजे आणखी १७.७ लाखांची बिलं लोकांकडे अडकली. पगार, वीजबिल आणि पोलादवाला थांबत नाही. वह्यांत नफा, खात्यात खडखडाट.

यावर उपाय आहेत. खेळत्या भांडवलासाठी बँका लघुउद्योगाला अंदाजित वार्षिक विक्रीच्या २० टक्के कॅश क्रेडिट (लागेल तसं काढता-भरता येणारं कर्ज) धरतात. १ कोटी २० लाखांच्या विक्रीला २४ लाख, तुमचे स्वतःचे ५ टक्के म्हणजे ६ लाख. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादक-सेवा पुरवठादाराला ४५ दिवसांत पैसे देणं २००६ च्या कायद्याने बंधनकारक आहे, उशिराला रिझर्व्ह बँकेच्या ‘बँक दरा’च्या तिप्पट चक्रवाढ व्याज. २०२३-२४ पासून मुदतीत किंवा निदान वर्षअखेरपर्यंत न दिलेली रक्कम गिऱ्हाइकाला त्या वर्षी खर्चात धरता येत नाही, म्हणून मार्चमध्ये मोठ्या कंपन्यांचे अकाउंटंट स्वतः फोन करतात. बिलावर उद्यम क्रमांक छापा, नाहीतर त्यांना कळणार कसं? गिऱ्हाईक मोठी कंपनी असेल तर ‘ट्रेड्स’ या बिलांवर आगाऊ पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन मंचावर बिल चढवून पैसे लवकर सोडवता येतात.

राहिला सातवा मुद्दा, बँकेचा. यात तथ्य आहे, मान्य करावं लागतं. १० लाखांपर्यंतच्या (एप्रिल २०२६ पासून २० लाखांपर्यंतच्या) सूक्ष्म-लघु कर्जाला तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम असूनही शाखेत घराचे कागद मागितले जातात. २५ लाखांपर्यंतच्या अर्जावर १४ कामाच्या दिवसांत निर्णय द्यायचा असतो, प्रत्यक्षात फाइल टेबलावर पडून राहते. अशा वेळी अर्जाची पोच घ्या आणि नकार लेखी मागा. तारण नसलेल्या कर्जाला ‘सीजीटीएमएसई’ या सरकारी हमी योजनेची हमी मिळू शकते, एप्रिल २०२५ पासून १० कोटींपर्यंत. ती हमी बँकेला असते, तुम्हाला नाही. कर्ज थकलं तर वसुली तुमच्याकडूनच.

पण फाइल परत येण्याचं मोठं कारण मॅनेजर नसतो, जीएसटी रिटर्न, आयकर विवरण आणि बँक स्टेटमेंट या तीन ठिकाणी तीन वेगळी विक्री दिसते हे असतं. रोखीची विक्री खात्यात भरायला लागा. बारा महिन्यांचं स्टेटमेंट आणि जीएसटी, तीन वर्षांची विवरणं, मशीनचं कोटेशन, आणि हप्ता कसा निघेल याचा एक कागद. वर काढलेला हप्ता वर्षाला ३.९१ लाखांचा होतो. नफा, घसारा (मशीनची दरवर्षी घटणारी किंमत) आणि व्याज मिळून त्याच्या दीडपट, म्हणजे ५.८७ लाख दाखवता आले तर बोलणं सोपं जातं.

ज्यांनी या मेसेजवरून आधीच पैसे घेतले आहेत त्यांनी आज नवीन घेणं थांबवावं. कुणाचे किती, कधी घेतले, किती दिले याची यादी करा आणि सीए किंवा वकिलाला दाखवा. परतफेड फक्त बँकेतून करा. पावतीवर मुद्दल किती आणि व्याज किती हे वेगळं लिहून घ्या, आणि पूर्ण रक्कम फिटली की नोटरी केलेला मूळ कागद ‘रक्कम पूर्ण मिळाली’ असा शेरा आणि सही घेऊन परत ताब्यात घ्या.