बारा गावचं पाणी प्यालेली? : नाना मूस्कुरीवरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया चांगलीच झणझणीत आहे. खाली दोन ओळींत आभार मानून मोकळं होणं बरं दिसलं नसतं, म्हणून हे स्वतंत्र उत्तर.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ग्रीक गायिका नाना मूस्कुरी हिच्यावरच्या लेखात मी तिला अष्टपैलू म्हटलं होतं. ('हे कोण नाना?' असं विचारणाऱ्यांसाठी: मूळ नाव इओआन्ना, जन्म 1934, क्रीट बेटावरचं खान्या.) तुमच्या मते हे अष्टपैलुत्व नव्हेच, ही दुकानदारी. जर्मनीत जर्मन, फ्रान्समध्ये फ्रेंच, अमेरिकेत जॅझ, उतारवयात ऑपेरा. जिथे गिऱ्हाईक तिथे माल. 'बारा गावचं पाणी प्यालेली बाई, पण हिचं स्वतःचं गाव कोणतं?' असं तुम्ही विचारलंत. शिवाय ग्रीसमध्ये लष्करशाही होती तेव्हा गायिका मारिया फारांतूरी देशोदेशी बंदी घातलेली गाणी गात होती, तेव्हा ही कुठे होती, हा दुसरा सवाल. आणि शेवटी, विकलेल्या तबकड्यांच्या आकड्यांवरून कुणी थोर ठरत नाही, हा टोला.

टोला आधी घेतो, कारण त्यावर भांडण नाही. तिच्या नावावर जे कोट्यवधींचे आकडे फिरतात ते कंपन्यांनी फुगवलेले असतात आणि ते मी लेखातही दिले नव्हते.

जॅझ तुम्ही अमेरिकी बाजाराच्या खात्यात टाकलंत. तारखा पाहिल्या तर हिशेब उलटा लागतो. तिचे वडील अथेन्समध्ये चित्रपटगृहात प्रोजेक्टर चालवायचे, आई त्याच थिएटरात लोकांना जागा दाखवायची. दोन मुली, दोघींना गाण्याची ओढ, आणि शिकवणीचे पैसे एकीपुरतेच. तेव्हा गुरूंनी सांगितलं म्हणतात की आवाज थोरलीचा सरस आहे, पण गाण्यावाचून धाकटीचं चालणार नाही. धाकटी ही नाना. 1950 साली ती संगीतशाळेत गेली. वर्षानुवर्षं शास्त्रोक्त गायन शिकली, आणि रात्री मात्र एका जॅझच्या मेळ्याबरोबर गायची. हे प्राध्यापकांच्या कानावर गेलं आणि 1957 साली तिला वार्षिक परीक्षेलाच बसू दिलं नाही. म्हणजे ज्या जॅझला तुम्ही दुकानदारी म्हणता, त्याच्यापायी हातातोंडाशी आलेली पदवी गेली. अमेरिकी संगीतकार क्विन्सी जोन्सनं तिला न्यूयॉर्कला नेऊन तबकडी केली ती 1962 साली. त्याच्या कितीतरी आधी ती अथेन्सच्या नाइटक्लबांत अमेरिकी जॅझ गायिका एला फिट्झजेराल्डची गाणी गाऊन चार पैसे मिळवत होती.

आता 'स्वतःचं गाव'. इथे जरा थांबतो, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर 1960 सालच्या अथेन्समध्ये आहे.

मे 1936 मध्ये थेसालोनिकीत तंबाखू कामगारांचा संप झाला, पोलिसांनी गोळ्या घातल्या. रस्त्यात पडलेल्या मुलाच्या प्रेतावर ओणवून रडणाऱ्या आईचं छायाचित्र वर्तमानपत्रात छापून आलं. ते पाहून कवी यानिस रित्सोसनं 'एपिताफिओस' हे काव्य लिहिलं. आईचा विलाप, पंधरा अक्षरी द्विपदींत, ग्रीक बायका मयताला जे शोकगीत गातात त्याच्या ढंगात. मेताक्सासच्या हुकूमशाहीनं त्या पुस्तकाची होळी केली. वीसेक वर्षांनी संगीतकार मिकिस थिओदोराकिसनं पॅरिसमध्ये त्यातल्या काही कवितांना चाली लावल्या आणि त्या अथेन्सला दुसरा संगीतकार मानोस हाजिदाकिस याच्याकडे पाठवल्या. हाजिदाकिसनं वाद्यमेळ बांधला आणि गायला बोलावलं नानाला. तेव्हा ती जेमतेम पंचविशीची. आदल्याच वर्षी पहिल्या ग्रीक गीत महोत्सवात हाजिदाकिसचंच गाणं गाऊन तिनं पहिलं बक्षीस पटकावलं होतं.

थिओदोराकिसला ते ध्वनिमुद्रण पटलं नाही. फार नाजूक, फार दिवाणखान्यातलं. त्यानं त्याच वर्षी तीच गाणी स्वतः पुन्हा मुद्रित केली: गायला ग्रिगोरिस बिथिकोत्सिस, बुझुकीवर मानोलिस हियोतिस. बुझुकी म्हणजे त्या काळच्या पांढरपेशा घरांत नाव काढायची सोय नसलेलं तंतुवाद्य; बंदरावरच्या दारूच्या आणि गांजाच्या अड्ड्यांतलं, रेबेतिको म्हणजे शहरी गोरगरिबांची गाणी गाणाऱ्यांचं. त्याच्या साथीनं कवीची कविता? अथेन्समध्ये तट पडले, वर्तमानपत्रांतून वाद झाला. गंमत अशी की रेबेतिकोची बाजू घेऊन सुशिक्षितांसमोर भर सभेत उभा राहिलेला माणूस हाजिदाकिसच होता, तेही 1949 साली. आणि इथे त्याचीच तबकडी 'नाजूक' ठरली.

पुढे इतिहासानं बिथिकोत्सिसच्या बाजूनं निकाल दिला, हे तुम्ही लिहिलंत आणि ते बरोबरच आहे. जनतेचा आवाज म्हणून तोच राहिला. पण दोन्ही तबकड्या पाठोपाठ ऐकून पाहा. बिथिकोत्सिस गातो तेव्हा चौकात उभा असलेला जमाव ऐकू येतो. तो रडत नाही, साक्ष देतो. नाना गाते तेव्हा जमाव नाही, एकटी बाई आहे, आणि तिला अजून मुलगा गेल्याचं पुरतं उमगलेलं नाही. 'कुठे उडून गेलं माझं पोर' असं विचारताना ती आवाज चढवत नाही, कंप देत नाही. खरंच उत्तर येईल अशा बेतानं विचारते. मूळ कविता बाईच्या तोंडी आहे हे मला तिच्याकडे ऐकताना पहिल्यांदा जाणवलं, आणि यासाठी ती 'हरलेली' तबकडी मी आजही काढून बसतो. तुम्ही तिला 'गोडगोड' म्हणता. गोड आहे, मान्य. पण त्या गोडव्याखाली काय चाललंय तेही ऐका.

तेव्हा गाव होतं. संगीतशाळेनं तिला क्लबवाली ठरवलं, आणि ज्यांना नवं लोकगाणं हवं होतं त्यांना ती मऊ वाटली. ना इकडची ना तिकडची. अशी गायिका 1961 नंतर बाहेरची वाट धरते यात मला लबाडी दिसत नाही.

'अथेन्सचे पांढरे गुलाब' या तिच्या जर्मन गाण्यावर तुम्ही फार तोंडसुख घेतलंत. जर्मन पर्यटकांना विकलेलं ग्रीक पोस्टकार्ड म्हणालात. गाण्याचे जर्मन शब्द सामान्य आहेत, त्यांची वकिली मी करणार नाही. पण चाल हाजिदाकिसची आहे, ग्रीसवरच्या एका जर्मन माहितीपटासाठी केलेली. 1961 साली ते गाणं आलं आणि जर्मनीत दहा लाखांवर प्रती खपल्या. अथेन्समधून जर्मन सैन्य जाऊन तेव्हा सतराच वर्षं झाली होती, आणि नानाचे वडील त्या सैन्याविरुद्धच्या लढ्यात होते. अशा घरातल्या मुलीनं जर्मन शब्द घोकून जर्मन स्टुडिओत उभं राहावं आणि जर्मनांनी तिला डोक्यावर घ्यावं, या प्रकाराला नुसतं पोस्टकार्ड म्हणून मोकळं होता येत नाही. तिच्या जागी मी असतो तर गेलो असतो का, याचं उत्तर मला देता येत नाही.

दोन वर्षांनी लंडनमध्ये युरोव्हिजन या युरोपीय देशांच्या गीतस्पर्धेत ती लक्झेंबर्गतर्फे गायली, आठवी आली. यालाही तुम्ही 'भाड्याचा झेंडा' म्हटलंत. ग्रीस त्या स्पर्धेत उतरला तोच मुळी 1974 साली; स्वतःचा झेंडा आणायचा कुठून?

बाजार सांगेल तसं वागणारी बाई सगळ्यात आधी चष्मा काढून ठेवते. साठच्या दशकात काळ्या जाड चौकटीचा चष्मा लावून रंगमंचावर येणारी दुसरी आघाडीची गायिका मला तरी आठवत नाही. अमेरिकी गायक हॅरी बेलाफोंटेनं तिला अमेरिकेच्या दौऱ्यावर घेतलं तेव्हा त्यानंही चष्मा उतरवायला सांगितलं. ती दोनेक दिवसांत दौरा सोडून निघायला तयार झाली, शेवटी त्यानंच माघार घेतली. आणि 1966 साली दोघांची जी तबकडी आली तिच्यावर अमेरिकी हिट गाणी नव्हती, ग्रीक गाणी होती. कोण कुणाच्या बाजारात गेलं म्हणायचं?

खरं तर गाण्यातही ती फारशी बदलत नाही, आणि माझ्या लेखात 'अष्टपैलू' म्हणताना हेच सांगायचं होतं. क्विन्सी जोन्सच्या तबकडीवर मागे पितळी वाद्यांचा दणका चाललेला असतो. अशा ठिकाणी दुसरी गायिका एलाची नक्कल करायला गेली असती, सुरांशी मस्ती केली असती. ही चाल सरळ धरते, शब्द स्वच्छ ठेवते, ओळीच्या शेवटी श्वास जरासा सोडून देते. फ्रेंच गाण्यातही तेच, इंग्रजी लोकगीतातही तेच. तिच्या दोन स्वरतंतूंत जन्मतःच फरक आहे असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बोलण्याचा आवाज घोगरा आणि गाण्याचा नितळ, तो त्यामुळेच म्हणतात. तो एकच आवाज घेऊन ती प्रत्येक प्रकारात गेली. कुठे जमला, कुठे नाही.

नाही जमला ती जागा तुम्ही अचूक हेरलीत. 1988 सालची शास्त्रीय गाण्यांची तबकडी. परीक्षेला बसू न दिल्याचं शल्य तीस वर्षांनी फेडायला घेतलं असावं. सूर पक्के आहेत, पण त्या रचनांना जो छातीचा जोर लागतो तो या गळ्यात नाही, आणि मायक्रोफोन तो उसना देऊ शकत नाही. मी दुसऱ्यांदा लावली नाही. त्याउलट 1981 साली व्हेर्दीच्या 'नाबुक्को' या ऑपेरातल्या गुलामांच्या समूहगीतावर तिनं जे फ्रेंच स्वातंत्र्यगीत गायलं, ते जमलंय, कारण तिथे ती ऑपेरा गायला जातच नाही. निरोपाचे कार्यक्रम करून 2008 साली निवृत्त झाली आणि ऐंशीच्या उंबरठ्यावर परत दौऱ्यावर निघाली, यावरचा तुमचा चिमटा आवडला. गवयांची निवृत्ती कोण मनावर घेतं?

राहिला लष्करशाहीचा सवाल. तो हलका नाही. 21 एप्रिल 1967 ला कर्नलांनी सत्ता बळकावली, जूनमध्ये लष्करी हुकमानं थिओदोराकिसच्या संगीतावर बंदी आली, ऑगस्टमध्ये त्याला अटक झाली. अभिनेत्री मेलिना मेर्कूरीचं नागरिकत्व काढून घेतलं. फारांतूरी विशीतली पोर, ती देश सोडून तीच गाणी गात युरोपभर फिरली. नाना त्या वर्षांत पॅरिसच्या ऑलिंपिया रंगमंदिरात गाजत होती आणि बीबीसीवर तिची मालिका चालू होती. या दोन गोष्टी एका तराजूत घालायला मी जाणार नाही. फारांतूरीनं जे केलं ते नानानं केलं नाही. मात्र कर्नलांच्या दरबारीही ती गेली नाही. मायदेशात ती पुन्हा रसिकांसमोर उभी राहिली ती 1984 साली, अ‍ॅक्रोपोलिसच्या पायथ्याशी हेरोड अ‍ॅटिकसच्या रंगमंदिरात, वीसहून अधिक वर्षांनी. पुढे ती उजव्या पक्षाकडून युरोपीय संसदेत गेली, तेव्हा तुमचं-माझं तिच्या राजकारणावर एकमत व्हायला हरकत नाही.

फारांतूरीवर वेगळा लेख लिहा म्हणालात, ते नक्की. माउटहाउझनच्या नाझी छळछावणीवरच्या, नाटककार कांबानेलिसच्या गीतांपासून सुरू करेन. तोवर 'एपिताफिओस'च्या त्या दोन्ही तबकड्या ऐका, आधी बिथिकोत्सिसची, मग नानाची, आणि तरीही ती तुम्हाला दुकानदार वाटली तर खाली बिनधास्त लिहा.